अब्बांची शीळ
कापराचा वास आला की अब्बांची पिसांची पेटी आठवते. निजामाच्या राज्यात ती पेटी घेऊन ते गावोगावच्या शाळांत पाखरांची ओळख करून देत. पोरं त्यांना मास्तर म्हणत, आणि रानात पांगलेल्या पोरांना ते शीळ घालून बोलवत. ते वारले त्या उन्हाळ्यात पेटी मी उचलली आणि येडशीच्या शाळेतली पोरं रामलिंगच्या झाडीत नेली. भर दुपार, पानही हलत नव्हतं. एकाएकी वरून अब्बांची शीळ आली, त्यांच्या पडलेल्या दातामुळं मधेच फुटायची तशीच फुटलेली. पोरं ताडकन उभी राहिली. फांदीवर कोतवाल पक्षी होता. "हा ऐकलेल्या आवाजाची नक्कल करतो," मी समजावलं. एक पोरगी हळूच म्हणाली, "मास्तर बोलवायलेत, तुमी जबाब का देईनात?" मी शीळ घातली. माझे सगळे दात शाबूत होते, तरी ती तिथंच फुटली. अजूनही तिथंच फुटते.