ताईने सोडलेली गुळवेल

माझ्या पोटात थोरल्या बहिणीची किडनी आहे. ताई आरोंद्याला दिलेली, मी मालवणात. ऑपरेशन झाल्यापासून रोज सकाळी तिचा फोन येतो आणि पहिला प्रश्न असतो, "आमची कशी आसा?" माझी चौकशी त्यानंतर, वेळ उरला तर.

ताईचा सगळा भरवसा गुळवेलीवर. लहानपणी ती माझं नाक दाबून काढा पाजायची आणि मी तिला चावायचो. लग्नानंतर तिने माहेरची कांडी नेऊन सासरच्या आंब्यावर चढवली. सकाळी चहाच्या आधी तिला स्वतःला काढा लागायचाच. तिच्या घरी राहायला गेलेला पाहुणाही सुटायचा नाही.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मला बजावलं होतं, प्रतिकारशक्ती वाढवणारं काहीही घ्यायचं नाही, गुळवेल तर नाहीच. तेव्हा ताई दुसऱ्या खोलीत होती. पुढे तिला हे सांगायचा धीर मला झाला नाही. जिने किडनी काढून दिली, तिला तुझी वेल मला नको, असं कुठल्या तोंडाने सांगणार?

मग पाऊस सरताना आमच्या वाडीत तापाची साथ आली. मी ठणठणीत होतो, पण ताईला दम निघेना. पिशवीभर कांड्या घेऊन ती एसटीने आली आणि चप्पल काढल्या काढल्या चुलीपाशी गेली. काढ्याचा वास आला तेव्हा मला बोलणं भाग पडलं.

"अगो ताई, आंगात एक राखणेचो कुत्रो असता. तुजी किडनी तेका परकी दिसता. माजी औषधा तेका पेंगत ठेवतत. गुळवेल तेका उठयतली, आणि उठलो तर तो किडनीकच चावतलो."

"परकी?" ताई म्हणाली. "एका आवशीच्या पोटातले आमी, आणि माजी किडनी तुका परकी?"

"माका न्हय गो. कुत्र्याक."

ती हसली नाही. टोप उचलून सगळा काढा तिने माडाच्या आळ्यात ओतला आणि काही झालंच नाही अशा थाटात बांगडे साफ करायला बसली. मला मात्र दुपारचं जेवण गोड लागलं नाही.

संध्याकाळी शेजारची काकी मायेने कसलंसं चूर्ण घेऊन आली. मी तोंड उघडण्याआधीच ताई दारात उभी. "तेका काय्येक नको हां. कुत्रो झोपललो आसा." आमच्याकडे कुत्रा नाही. काकी जाताना पायरीखाली वाकून बघून गेली.

गेल्या महिन्यात आरोंद्याला गेलो. वेल आंब्याच्या शेंड्याला पोचली आहे. सकाळी ताईने घरातल्या सगळ्यांना काढा दिला आणि आमच्या दोघांसाठी कोरा चहा ओतला.

"तुजो काढो खंय?" मी विचारलं.

"सोडलंय."

"कित्याक? तुका चलता. डॉक्टरांनी माका नको म्हटल्यानी, तुका न्हय."

"चलता रे. पण जोडीतली एक पिणा नाय, मगे दुसरीक एकटीक कित्याक पाजू?"

माझं नशीब थोर, एवढंच मनात येत राहिलं. गोळीची वेळ झाली होती. ताईनेच पाणी आणून दिलं, गोळी गिळेपर्यंत समोर उभी राहिली, आणि मग आपला चहा उचलला.