अर्धा कोयता वगळून

प्रश्न असा होता: यादीतला एक शब्द सगळीकडे बदलायचा, पण त्याच्या लगेच आधी एक विशिष्ट शब्द असेल तिथे मात्र नाही, हे जावास्क्रिप्टला कसे सांगावे? उत्तर एका ओळीचे आहे. मला त्याला अख्खी दुपार लागली, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

पाटोदा तालुक्यातल्या आमच्या शाळेत पटाच्या शेऱ्यात ‘कोयता’ लिहितात. ऊसतोडीला जोडपे गेले की तो कोयता. एकटा बाप किंवा एकटी आई गेली, तर अर्धा कोयता. आईबाप दोघेही गेलेल्या मुलांनाच हंगामी वसतिगृहात जेवण आणि मुक्काम मिळतो. वरच्या कार्यालयाला मात्र ‘दोन्ही पालक स्थलांतरित’ हेच शब्द हवे होते, तेही चारच्या आत. तसा शेरा असलेल्या ओळीच माझ्या संगणकावरच्या यादीत उतरत.

आधी साधे replace लिहिले, तर पहिला एकच ‘कोयता’ बदलला. शेवटी ‘सगळीकडे बदल’ सांगणारा g जोडायचा राहिला होता. तो जोडला, तर ‘अर्धा दोन्ही पालक स्थलांतरित’ असले काहीतरी जन्माला आले. चिडून मी ‘अर्धा’ असलेली प्रत्येक ओळच वगळली आणि वसतिगृहाची यादी छापून दारावर लावली.

“मॅडम, एक शब्द बदलायचाय, ग्रंथ न्हाई लिहायचा!” मुख्याध्यापक खिडकीतून म्हणाले.

मी उत्तर देणार, तोच सहावीतली एक मुलगी आत आली.

“बाई, माझं नाव कावून न्हाई? आई बी गेली की औंदा. मी कुणाकडं ऱ्हाऊ?”

तिचा शेरा मीच भरला होता: ‘गेल्या वर्षी अर्धा कोयता, यंदा कोयता.’ एका शब्दापायी मी ओळ वगळली होती, मुलीसकट.

मग फक्त लगतचा शब्द पाहणारा नमुना लिहिला: /(?<!अर्धा )कोयता/g. ज्याच्या लगेच आधी ‘अर्धा’ आणि एक मोकळी जागा नाही, तेवढाच कोयता बदलावा, असा त्याचा अर्थ. तिची ओळ यादीत आली. तिने नावावर बोट ठेवून ते दोनदा वाचले.

“हाय आता,” ती म्हणाली. मगच मी यादी पाठवली.

‘अर्धा’नंतर कुणी दोन जागा सोडल्या असतील, तर हा नमुनाही फसतो. म्हणून तो आपल्या यादीवर चालवा आणि प्रत्येक ओळ मूळ पटाशी स्वतः ताडून पाहा.