तापलेल्या फरशीचं क्रियापद

फ्रेंचमध्ये 'शोमे' असं एक क्रियापद आहे. त्याचं मूळ रणरणत्या उन्हासाठीच्या ग्रीक शब्दात आहे. म्हणून शोमे म्हणजे आधी उन्हाच्या वेळी विसावणं. पुढे त्याचाच अर्थ बेकार असणं झाला. मजुरांना भर उन्हात दुपारची सुट्टी मिळावी, या मागणीचं पत्रक लिहिताना मी हे वाचलं, तेवढ्यात उकडलेल्या धानाचा वास आला.

लालबर्र्याच्या राइस मिलमध्ये आई तापलेल्या फरशीवर अनवाणी पायांनी उकडलेलं धान वाळत पसरायची. एका दुपारी ती सावलीत बसली.

मुकादम म्हणाला, "बसून काहून राह्यली? उद्यापासून घरीच बस."

"हौ, बसीन. पण आधी जोडे काढून या फरशीवर उभा राह्य, भाऊ."

आईचं काम गेलं. उलट बोलून काम घालवलं म्हणून तेव्हा मला तिचीच लाज वाटली होती. आज तिचं वाक्य पत्रकाच्या माथ्यावर छापतेय. ज्याला झोंबेल त्याने जोडे काढावेत.