फिजिक्सच्या सरांनी बदललेला सेन्सर

गाडी पहिल्यांदा बंद पडली ती छावणीत, लष्कराच्या एका फाटकासमोर. आठवडी बाजार करून मी आणि बायको गारखेड्याला घरी निघालो होतो. चालत्या गाडीचं इंजिन एकाएकी गप्प झालं. चावी फिरवली की स्टार्टर घरघरायचा, पण इंजिन काही धरेना. फाटकावरचा जवान आला आणि म्हणाला, "यहाँ गाड़ी खड़ी नहीं करना, सर." मी त्याला समजावलं की मी ती उभी केलेली नाही, ती राहिली आहे. हा फरक त्याला पटला नाही. शेवटी बायको स्टिअरिंगवर बसली आणि जवान नि मी मागून ढकलू लागलो. तेवढ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं मोटरसायकल हळू करून "नमस्कार सर" म्हटलं आणि पुन्हा वेग घेतला. वीस मिनिटांनी गाडी आपोआप चालू झाली.

मी बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो. पुढं जे झालं त्यात माझ्या अज्ञानापेक्षा माझ्या शिक्षणाचा हात जास्त होता, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

छावणीतच गॅरेज असलेल्या आमच्या नेहमीच्या मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, "गरम होके बंद हो रही ना? टायमिंग का सेन्सर होगा, सर. मैं जालना में हूँ, भतीजी की शादी है. आठ दिन रुक जाओ." पुढं तो 'नीचेवाला' असं काहीतरी सांगत होता, पण मला हवं ते कळलं होतं. मी फोन ठेवला. एक सेन्सर काढायचा, दुसरा बसवायचा. त्याला आठ दिवस कशाला थांबायचं?

घरात खरं तर एक जाणकार माणूस होता. माझे सासरे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. सासूबाई गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, ते आमच्याकडेच राहतात. मी त्यांना मामा म्हणतो आणि ते मला सर म्हणतात. पण त्यांनी उभं आयुष्य डिझेलच्या जुन्या इंजिनांत काढलेलं. सेन्सरच्या बाबतीत त्यांना काय विचारायचं, असं माझं मत होतं. त्यामुळं विचारण्याऐवजी मी त्यांना शिकवलं.

बॉनेट उघडून मी उभा राहिलो आणि मामा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. इंजिनच्या माथ्यावर, अगदी हाताशी येईल असा एक सेन्सर होता. टायमिंगचा तोच, हे मी मोबाइलवर दोन व्हिडिओ बघून ठरवलं होतं. तो काढता काढता मी त्यांना चुंबकीय क्षेत्र समजावलं, विद्युतप्रवाह समजावला. ते "व्हय सर, व्हय सर" म्हणत ऐकत होते. एकदा त्यांनी मध्येच म्हटलं, "सर, खाली पण एखादा आसंल." मी म्हणालो, "मामा, आधी मूळ तत्त्व लक्षात घ्या." पंधरा मिनिटांत नवा सेन्सर बसला. चावी फिरवताच गाडी चालू झाली. गार गाडी तशीही चालू व्हायचीच, हे त्या आनंदात कुणाच्या ध्यानात येणार?

रविवारी आम्ही तिघं सिल्लोडला निघालो. बायकोच्या बहिणीनं तिथं नवीन घर बांधलं होतं. मी वाटेत बायकोला सांगत होतो की माणसानं हातानं काम करायला लाजू नये. निम्मी वाट संपली आणि ऐन दुपारी, रस्त्याच्या कडेला मका वाळत घातला होता तिथं, गाडी मेली.

मी बॉनेट उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. नवीन सेन्सरला हात लावून पाहिला आणि बोट भाजून घेतलं. मका पसरणाऱ्या बाईनं तांब्याभर पाणी आणून दिलं. ते तिनं पिण्यासाठी दिलं होतं की गाडीत ओतण्यासाठी, हे कळेना, म्हणून मी तांब्या हातात धरून नुसता उभा राहिलो.

तेव्हा मामा म्हणाले, "सर, एकदा चावी फिरवा बरं."

"नाही व्हायची चालू, मामा."

"नका होऊ देऊ. नुसती फिरवा."

मी फिरवली. ते खिडकीतून वाकून माझ्या समोरच्या काट्यांकडे बघत होते.

"ती फेऱ्यांची सुई हाय ना, ती जागची हालंना. इंजिन तर फिरतंय, मी आवाज ऐकतोय. मग सुईला का कळंना? फिरतंय हे ज्यानं सांगायचं त्योच गप झालाय. तुम्ही बदलला तो वरच्या शाफ्टाचा. खालच्या शाफ्टाला येगळा आसंल."

खालच्या शाफ्टावर दातेरी चाक, त्याच्याजवळ चुंबक आणि तारेचं वेटोळं. दाता समोरून गेला की विजेचा ठोका. दरवर्षी मी हेच चित्र फळ्यावर काढतो. मुलांनी पाठ केलं की रागावतो. समजून घ्या म्हणतो.

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"म्हाईत नव्हतं. संशय व्हता."

"मग बोलला का नाही?"

"तुम्ही शिकवत व्हता ना," मामा म्हणाले.

बायको रस्त्यावरच्या लहानशा पुलाच्या कठड्यावर बसून हसायला लागली. ती इतकी हसली की मका पसरणारी बाईही, काही न कळता, हसायला लागली. पाणी मग मीच प्यायलो.

इंजिन गार झाल्यावर आम्ही परत फिरलो. घरी पोहोचेपर्यंत गाडी आणखी दोनदा थांबली आणि त्या दोन्ही वेळा मी बॉनेटला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्यावर खालचा सेन्सर आणला. मामांनी गाडी जॅकवर चढवून खाली लाकडी ठोकळे लावायला लावले आणि मगच मला आत सरकू दिलं. बोल्ट दिसतच नव्हता. मामा वरून म्हणाले, "डोळ्यानं नाय, बोटानं बघा." बोटानं बघितल्यावर सापडला. सुटला, आणि हातातून निसटून खालच्या पत्र्यात कुठंतरी गेला. तो शोधायला चुंबक हवा होता. फिजिक्सच्या मास्तराच्या घरात चुंबक नव्हता. बायकोनं फ्रिजवर चिकटवलेलं मातीचं आंब्याचं चित्र आणून दिलं आणि त्याच्या पाठीमागच्या चकतीनं बोल्ट वर आला.

जुना सेन्सर घट्ट बसला होता. मी ओढत होतो. "ओढू नका, गोल फिरवा," मामा म्हणाले आणि स्वतः वाकून वरच्या फटीतून हात आत घातला. खालून मला त्यांची बोटं दिसली. ती थरथरत होती. हातातला पाना सेन्सरच्या भोवती नुसताच खडखडत राहिला. त्यांनी हात काढून घेतला आणि धोतराला पुसला. "आता ह्ये माझ्याच्यानं होत नाय," ते म्हणाले. "तुम्हीच करा. मी सांगतो."

तीन वर्षं रोज मी त्यांच्याबरोबर जेवतो. कपात चहा अर्धाच द्या असं ते का म्हणतात, हे मला गाडीखाली उताणं पडल्यावर कळलं.

मी गोल फिरवला. सेन्सर निघाला. नव्याच्या रबरी कडीला तेलाचं बोट लावून तो बसवला, बोल्ट आवळला, वायरीचं कनेक्टर 'टक' असा आवाज येईपर्यंत दाबलं. बाहेर आलो तर पार्किंगमध्ये चार शेजारी जमलेले. चावी फिरवली. सुई आधी थरारली, मग उठली.

पुढच्या रविवारी सिल्लोडला गाडी न थांबता पोहोचली. साडूंनी विचारलं, "कुणाकडं केलं काम?"

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "सरांनी केलं. सोताच्या हातानं." मी खरं सांगणारच होतो, पण आधी पोहे आले, मग चहा आला. शेवटी बायकोनंच वरच्या सेन्सरपासून आंब्याच्या चित्रापर्यंत सगळं सांगितलं. मामा खाली बघून हसत होते.

आता मी सुधारलो आहे. परवा गाडीची डाव्या बाजूची काच वर जाईना, तेव्हा कुठलाही व्हिडिओ न बघता थेट मामांकडे गेलो. त्यांनी बटण दोनदा दाबून पाहिलं, दाराला कान लावला. मी वही-पेन घेतल्यासारखा उभा होतो.

"सर," ते म्हणाले, "यातलं मला काय बी कळत नाय. छावणीत न्या."