मनालीच्या दोन फायली

मनाली रामटेके सहा महिने दातओठ खात बसली होती. बसणारच! भंडाऱ्याच्या एका छोट्या कंपनीत तिनं एकटीनं वर्षभर डोळे फोडून धान खरेदीचा प्रोग्राम लिहिला. शेतकऱ्याचा नंबर लागला की त्याच्या मोबाइलवर निरोप जाईल, असा. आणि मालकाचा भाचा गोलू, बेशरम कुठला, 'हे तर मीच बनवलं' म्हणून मोकळा झाला. मालकानं भाच्याचं ऐकून मनालीला घरी पाठवलं, वर अनुभवाचा दाखलाही दिला नाही. दाखल्याशिवाय नागपुरात तिला कोणी दारात उभं करेना.

मोहाडीच्या खरेदी संस्थेत प्रोग्राम सुरू करायच्या दिवशी गोलूचाच फोन आला. "मनालीताई, निरोपच जाऊन नाही राहिले. निरोप कुलूपबंद करायचं ते एन्क्रिप्शन नाही म्हणते. दोन दिवसांपासून डोकं फोडून राहिलो."

"काहून? तूच बनवला ना?" म्हणत तिनं फोन ठेवला, आपला जुना पेनड्राइव्ह पिशवीत टाकला आणि सायकल काढली; संस्था तिच्याच गावातली. ही मजा कोण सोडतो?

संस्थेत मालक घामाघूम. बाहेर ओट्यावर पन्नासेक शेतकरी. दुपारपर्यंत चाललं नाही तर काम दुसऱ्याला, असं सचिव गोमाजींनी बजावलं होतं.

मनालीनं सेटिंगची फाइल उघडली. एन्क्रिप्शन चालू करायची ओळ बरोबर होती, एक्स्टेन्शन, म्हणजे त्याची जोड-फाइल, जागेवर होतं, तरी चालू झालेल्यांच्या यादीत एन्क्रिप्शनचं नाव नाही. तिला हसूच आलं. त्या एक्स्टेन्शनला आणखी दोन फायली लागतात, आणि त्या तिनं आपल्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या फोल्डरात टाकल्या होत्या. कंपनीतलं नेट रांगत चालायचं, म्हणून कोणी नीट इन्स्टॉल करतच नसे. जुन्या कॉम्प्युटरवरचं प्रोग्रामचं फोल्डर पेनड्राइव्हनं उचलायचं नि नव्यावर टाकायचं. गोलूनं तेच केलं होतं, नि विंडोजच्या फोल्डरातल्या त्या दोन फायली मागंच राहिल्या होत्या.

"गोलू, दोन फायली कमी आहेत. तूच बनवलं त सांग, कोणत्या? कुठी ठेवल्या होत्या?"

गोलू उगाच माउस हलवू लागला. "सांग ना बे!" गोमाजी खेकसले. कुठून सांगणार?

"मनाली बेटा, करून दे," मालक म्हणाले. "मागचं सोड."

"साहेब, मागचंच त घ्यायला आली मी. कंपनीच्या कागदावर लिहून द्या, मी वर्षभर काम केलं ते, नि हे कोणं लिहिलं ते. सही-शिक्क्यासकट."

मालकांनी लिहिलं. शिक्काही मारला. मनालीला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

"आता गोलूले ओट्यावर उभं राहून वाचू द्या."

"ताई, इज्जत काहून काढून राहिली?"

"माही काढली तवा नाही वाटलं? वाच. जोरानं."

गोलू पुटपुटला. तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. मग आत जाऊन आपल्या पेनड्राइव्हवरच्या दोन फायली टाकल्या, प्रोग्राम बंद करून सुरू केला. बाहेर खिशाखिशांत मोबाइल वाजू लागले.

मालकांनी हात जोडले. "उद्यापासून कामावर ये."

मनालीनं कागदाची घडी पिशवीत टाकली. "दाखला भेटला साहेब, मी चालली नागपूरले. पुढं काही बिघडलं, त गोलूले विचारा."