केरू हवालदारांचं स्विस घड्याळ

रहिमतपूरच्या पलीकडे, एका गावाच्या बौद्धवाड्यात केरू हवालदार राहायचे. पलटणीतून पेन्शनीवर आले, तेव्हा ट्रंकेत कपडे कमी आणि मनगटी घड्याळं पाच. रोज सकाळी सहाला मांडी घालून बसायचे आणि ओळीनं चावी द्यायचे. प्रत्येकाला अंगठ्याचा जोर वेगळा. मग एकेक कानाशी.

"काय सांगतंय त्ये? भाकरी घालतंय व्हय?" पारूबाई चुलीपासून टोमणा हाणायची.

"आगं, झाकण उघडून बग की. एवढुसं चाक, पर दुसऱ्याला शिवल्याबिगर फिरत न्हाई. माणसानं ह्येच्याकडनं शिकावं."

पाचांत लाडकं स्विस. मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून घेतलेलं. दिवसाकाठी अर्धं मिनिटही चुकायचं नाही.

चौऱ्याहत्तरच्या वैशाखात ऊसवाले सयाजीराव बौद्धवाड्याच्या तोंडाशी आले. वयानं मोठ्या माणसाला आजवर 'ए केरू' म्हणणारे. त्या दिवशी म्हणाले,

"हवालदार, पोरीचं लगीन हाय. गोरज मुहूर्त, सहा बेचाळीस. पलूसचे पाव्हणे मिनिटाला लय पक्के. तुमचं स्विस भटजीफुडं ठिवू म्हणतो."

ते गेल्यावर पारूबाई म्हणाली, "देऊ नगासा."

"येडी का काय! आगं, माज्या घड्याळावर त्येंच्या अक्षता पडणार!"

लग्नाच्या दिवशी हवालदारांनी कोट चढवला, पदकं लावली. सयाजीरावांनी रुमाल पसरला, त्यात वरून घड्याळ टाकून घेतलं. "तुमी हितंच थांबा, मांडवाच्या तोंडाशी."

तिथून सगळं दिसत होतं. सयाजीरावांच्या आई, अंबूबाई, पुढे आल्या. घड्याळ कुणाकडचं ते विचारलं. ऐकल्याबरोबर ते ताम्हणात ठेवलं, गोमूत्र शिंपडलं, वर तांब्याभर पाणी ओतलं आणि देवाच्या टाकासारखं चोळून चोळून धुतलं.

"आवं आईसाब, पानी नगं! पानी नगं!"

वाजंत्री जोरात होती.

सहा एकोणीसला काटे थांबले. अक्षता पडल्या त्या नवऱ्यामुलाच्या बापाचं मनगट बघून.

लग्न लागल्यावर सयाजीरावांनी घड्याळ हवालदारांच्या ओंजळीत वरूनच सोडलं. पाव्हण्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "केरू, कसलं रं भंगार दिलंस? अब्रू गेली असती की माजी!"

पाव्हणे हसले. हवालदार खाली मान घालून घरी आले. काचेच्या आतून पाणी ओघळत होतं.

"धुतलं म्हनून बंद पडलं, आसं त्वांडावर सांगायचं न्हाई व्हय?" पारूबाई कडाडली.

"कुणाला सांगू? समद्यांच्या देखतच धुतलं की."