मंगलआक्काच्या मोर्चापुढचं कुंपण

जानकूने सुंभाची गाठ मारली की ती सुटायची नाही, अशी मंचरच्या मांडववाल्यांत त्याची ख्याती होती. डोंगरातली भातखाचरं धरणाच्या पाण्याखाली गेली आणि बदली जमीन काही मिळेना, तेव्हा तो खाली उतरून दादाभाऊंच्या मांडवाच्या कामाला लागला. लग्नं असायची, जत्रा असायच्या, आणि मोर्चा निघाला की तालुक्याच्या कचेरीभोवती बांबूचं कुंपण बांधायचं असायचं.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात दादाभाऊ म्हणाले, "उद्या मोर्चा हाय. दुहेरी बांध, लई माणूस येनार हाय म्हनत्यात." मोर्चा कुणाचा, हे जानकूने विचारलं नाही. कधीच विचारत नसे.

दुसऱ्या दिवशी गाठी ढिल्या झाल्या तर आवळायला म्हणून तो कुंपणाच्या आत उभा होता. अकराच्या सुमाराला घोषणा ऐकू आल्या. माणसं वळणावरून पुढे आली तसा तो चरकला. धरणात गेलेल्या गावांचीच माणसं ती. पहिल्याच रांगेत त्याची थोरली बहीण मंगल होती. आई गेली तेव्हा तीन वर्षांच्या जानकूला तिनेच कडेवर वाढवलं होतं.

मंगल बांबूला धरून बघत राहिली. "जानकू? तू आतल्या अंगाला कसा रं?"

"कामाला हाय, आक्के."

ती हसली. "बरं, पानी तरी दे. पहाटंपास्नं चालतोय आमी."

तो व्हरांड्यातल्या माठाकडे गेला. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, साहेब मागच्या दाराने निघाले. मागची सगळी गर्दी एकदम पुढे लोटली. जानकू तांब्या भरून वळला, तर पुढची रांग बांबूंवर चेपली गेली होती. दुसऱ्या कुणी बांधलेलं कुंपण असतं तर केव्हाच आडवं झालं असतं, माणसं अंगणात पडली असती, गुडघे फुटले असते, एवढंच. जानकूचं कुंपण हललं नाही.

तांब्या टाकून तो गाठींवर तुटून पडला. नखं उलटी झाली. "कोयता! आरं कुनी कोयता द्या!" एक हवालदारही त्याच्या जोडीने बांबू ओढू लागला. अखेर कुणीतरी विळा आणला, सुंभ कापलं, आणि मंगल त्याच्या पायाशी घसरली.

बरगड्या मोडल्या होत्या. पुण्याच्या दवाखान्यात ती नऊ दिवस जगली, आणि जानकू उशाशी बसून राहिला. एकदा डोळे उघडून ती म्हणाली, "लई घट बांधलंस रं." बोलण्यात राग नव्हता. लहानपणी त्याने भाताची पेंढी नीट बांधली की ती अशीच म्हणायची. जानकू उठून बाहेर गेला आणि भिंतीला डोकं टेकून रडला.

तिरडी बांधायची वेळ आली तेव्हा त्याने सवयीने सुंभ उचललं. मंगलचा नवरा कुंडलिक जवळ आला आणि ते त्याच्या हातातून काढून घेतलं. "पावणं, ऱ्हाऊ द्या." आजवर त्याने जानकूला नावानेच हाक मारली होती.

जानकूने मांडवाचं काम सोडलं, कांद्याच्या आडतीवर हमाली धरली. पुढे कचेरीपुढे लोखंडी बॅरिकेड आले. धरणाच्या माणसांचा मोर्चा असला की जानकू न बोलावता यायचा, बायांच्या रांगेपुढे लोखंडाला पाठ लावून, हात पसरून उभा राहायचा. "मागं व्हा! बाया हायत पुढं!" एवढंच ओरडायचा. त्याच्याशी कुणी फारसं बोलत नसे.

दोन हजार सातला कुंडलिकला जमीन मिळाली. ही बातमी जानकूला बाजारात परक्याच्या तोंडून कळली. तो एसटीने गेला. माळरानच होतं ते, पण त्यातलं निम्मं नांगरून झालं होतं. कुंडलिकने बांधावरच्या जानकूला पाहिलं, आणि बैल थांबवले नाहीत. जानकू दुपारपर्यंत बाभळीखाली बसला, नांगराचे तास संपत आले तसा उठला, आणि परतीच्या गाडीसाठी फाट्याकडे चालू लागला.